प्रशिक्षकाच्या खुर्चीत वस्ताद

एकदा एका पेठेला वाईट खोड लागली. सामना जिंकण्यापेक्षा, तो हरल्यावर जी चर्चा होते तीच तिला अधिक गोड वाटू लागली.

पेठ पंचगंगेकाठच्या शहरातली. तिथे प्रत्येक पेठेची एक तालीम असते, तालमीत लाल मातीचा आखाडा असतो आणि त्याच तालमीच्या नावाने फुटबॉलचा संघ मैदानात उतरतो. कुस्तीच्या घरात हा फुटबॉल कसा काय नांदतो, असं बाहेरगावचा माणूस विचारतो. नांदतो, आणि थोरल्या सुनेच्या तोऱ्यात नांदतो. सामन्याच्या दिवशी दुकानांची शटरं अर्ध्यावर येतात, आणि साखरपुड्याची तारीख धरतानासुद्धा मुलीचा मामा हळूच विचारून घेतो की त्या दिवशी सामना नाही ना.

या पेठेचा संघ हरत होता. दर पराभवानंतर एक विधी ठरलेला असे. प्रशिक्षक मैदानावरून घरी पोहोचायच्या आत चौकातल्या काळ्या फळ्यावर कुणीतरी खडूने लिहून ठेवी, 'प्रशिक्षक पाहिजे'. गेल्या काही हंगामांत इतके आले आणि गेले की पेठेला त्यांची नावंही धड सांगता येत नव्हती. गोव्याचा एक शांत माणूस होता. सैन्यातून निवृत्त झालेला एक कडक माणूस होता. बंगालचा एक होता, त्याला मराठी अजिबात कळत नसे, म्हणून तोच सर्वांत जास्त टिकला.

त्या वर्षी ऐन हंगामात फळ्यावर ती ओळ पुन्हा उमटली आणि चौकात सभा भरली. सभा म्हणजे काय, तर चहाच्या गाड्याभोवतीची गर्दी. तिचा म्होरक्या बंडा, रिक्षावाला. प्रवासी खोळंबला तरी चालेल, पण वाद अर्धवट सोडायचा नाही, असा त्याचा बाणा.

"गोव्याचाच आणा परत," एक जण म्हणाला. "त्यांच्या रक्तात हाय फुटबॉल."

"रक्तात असंल की! पण गोल पायानं करायचा असतोय, भावा."

"कडक माणूस बगा. पोरं शेफारल्यात."

"कडक आणला हुता की मागं," बंडा कडाडला. "तवा तूच बोंबलत हुतास, पोरं घाबरल्यात, पाय उचलंनात म्हणून."

मंडळी, या वादाला हसणं सोपं आहे. पण त्या गर्दीत मूर्ख कुणी नव्हता, आणि निष्ठेत कमी तर मुळीच कुणी नव्हता. संघ हरला की यांच्या घशाखाली घास उतरत नसे. बंडाने स्वतःच्या मुलाचं बारसं अर्धवट टाकून सामना गाठला होता. प्रेम खोटं असतं तर मी ही गोष्ट सांगायच्या भरीस पडलोच नसतो.

वाद चिघळत गेला. घरं फुटायची वेळ आली. एका घरात तर थोरला भाऊ गोव्याच्या बाजूचा आणि धाकटा सैन्याच्या, म्हणून दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढावी लागत. अखेरीस मगदूमअण्णा बोलले. अण्णा गुळाचे व्यापारी. संघाचे बूट, पोशाख सगळं त्यांच्याकडून येई. ते कमी बोलत आणि सर्वांच्या शेवटी बोलत.

"बाहेरची माणसं बघून झाली," अण्णा म्हणाले. "आपल्या पेठेचाच घेऊया की. संताजी काय वाईट हाय?"

गर्दी एकदम उसळली. संताजी! इतके दिवस हे सुचलं कसं नाही? जो तो म्हणू लागला की हे नाव माझ्या ओठांवरच होतं. भावाभावांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. अनेक महिन्यांनी त्या चौकात सर्वांचं एकमत झालं.

संताजी शाळेत खेळाचा शिक्षक. एके काळी याच संघाच्या मधल्या फळीत खेळलेला. गुडघा निकामी झाला म्हणून थांबलेला. चौकामागच्या गल्लीत त्याचं घर, घरात आई, बायको आणि शाळेत जाणारी एक मुलगी. वडील लहानपणीच गेले, तेव्हा त्याला तालमीतल्या हिंदुराव वस्तादांनी वाढवलं. वस्ताद म्हणजे आखाड्यातले गुरू. वय ऐंशीच्या घरात, कान कुस्तीने मोडलेले, बोलणं मोजकं. संताजी अजूनही रोज पहाटे तालमीत जाऊन आखाड्याची माती उकरून देई आणि मगच शाळेला जाई. पेठेत वस्तादांचा शब्द कधी खाली पडला नव्हता. ते दिसले की रिक्षा थांबत, माणसं वाकत.

संताजीला ते पद हवं होतं. लपवण्यात अर्थ नाही, फार हवं होतं. गुडघा गेल्यापासून तो रात्रंदिवस मनातल्या मनात तोच संघ खेळवत आला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे तो धावतच तालमीत गेला आणि वस्तादांच्या पाया पडला.

"वस्ताद, नाव ठरलं. माझं."

वस्तादांनी त्याला उठवून समोर बसवलं.

"आईला सांगितलंस?"

"सांगितलं की. देवापुढं साखर ठेवली तिनं."

"बरं," असं म्हणून वस्ताद उठले आणि आखाड्याकडे वळले. आशीर्वाद दिला नाही. आनंदाच्या भरात संताजीच्या ते लक्षातही आलं नाही.

रविवारी सकाळी तालमीत सत्काराचा कार्यक्रम होता. ताटात नारळ, शाल आणि भगवा फेटा. संताजी नवा सदरा घालून पुढे बसला होता, आई बायकांमध्ये बसली होती. फेटा बांधणारा पुढे सरसावला, इतक्यात वस्ताद उठले. त्यांनी ताटातला फेटा स्वतःच्या हातांनी उचलला आणि स्वतःचं डोकं पुढे केलं.

"बांध," ते म्हणाले.

त्या माणसाला काही कळेना. तो अण्णांकडे बघू लागला.

"बांध म्हणतोय न्हवं? ह्या संघाचा प्रशिक्षक मी."

तालमीत जमलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात चेंडूला पाय लावला नाही, ऑफसाइड कशाशी खातात हे ज्याला ठाऊक नाही, तो म्हणतो प्रशिक्षक मी! कुणाला हसू फुटत होतं, कुणाला संताप येत होता. पण वस्तादांना 'नाही' म्हणायची त्या पेठेत सवयच नव्हती. फेटा बांधला गेला. टाळ्या वाजल्या, त्याही चुकल्यासारख्या. संताजीची आई पदर सावरत उठली आणि घरी निघून गेली.

दुपारी संताजी तालमीत आला. त्याचे डोळे लाल होते.

"का केलंसा असं, वस्ताद? सगळ्या पेठेसमोर माझं तोंड काळं केलंसा. मी नालायक हाय, असं मला एकट्याला सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं की!"

"बस," वस्ताद म्हणाले. "तू लायक हायस म्हणूनच केलं. ऐक. बाहेरचा माणूस हरला की संध्याकाळच्या गाडीला बसतो, आणि त्याच्या गावात त्याला कोण काय विचारत न्हाई. तू कुठल्या गाडीला बसणार? दुधाला ह्याच चौकातनं जाणार. पोरगी ह्याच गल्लीतनं शाळंला जाणार. आरं, ह्यांना शिकवणारा नकोच हाय. हरल्याचं दुःख ह्यांना सोसत न्हाई, ते कुणाच्या तरी अंगावर टाकायला माणूस पाहिजे. मग तो मी का नको? ह्या पेठेत माझ्यापुढं आवाज चढवणारा अजून जन्मलेला न्हाई. पोरांना तू शिकव, डाव तू ठरव. खुर्चीत मी बसतो. जिंकलं तर मी सगळ्यांना सांगीन, हे संताजीनं केलं. हरलं तर ते माझ्यापाशी येऊन थांबंल."

संताजी ओक्साबोक्शी रडला. ज्याला तो अपमान समजत होता ती गुरूची माया होती, हे त्याला उमगलं आणि त्याने वस्तादांचे पाय धरले.

मंडळी, अशा गोष्टी इथेच संपतात. गुरू कोड्यात टाकतो, मग उलगडून सांगतो आणि शिष्य पाय धरतो. मलाही इथेच थांबायला फार आवडलं असतं. पण वस्ताद शहाणे असले तरी माणूस होते, आणि त्यांचा एक अंदाज चुकला होता.

संताजीने जीव ओतून काम केलं. शाळा सुटली की तो मैदानावर असे. मुलांनाही त्याचा लळा लागला. वस्ताद कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत फेटा बांधून बसत आणि सरावाचा चेंडू जवळ आला की हाताने उचलून परत देत. मुलं हसत, तेही हसत. पहिला सामना बरोबरीत सुटला. पेठ कुरकुरली, पण खुर्चीकडे पाहून गप्प बसली. वस्तादांचं म्हणणं खरं ठरतंय असं संताजीला वाटलं.

मग शेजारच्या पेठेशी सामना आला. पिढ्यान्पिढ्यांचं वैर; या एका सामन्यासाठी लोक वर्षभर दम धरून राहतात. मैदानात जाण्याआधी सगळा संघ तालमीत आला, आखाड्याची माती कपाळाला लावली. बंडाही आला होता. तो वस्तादांच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, "तुमी बसलाय म्हटल्यावर काय काळजी न्हाई, वस्ताद."

शेवटच्या काही मिनिटांपर्यंत सामना बरोबरीत होता. मग बचावातल्या एका मुलाचा पाय घसरला, समोरच्या संघाचा गडी चेंडू घेऊन आत शिरला आणि गोल झाला. शिट्टी वाजली. समोरच्या बाजूला हलग्या कडाडू लागल्या.

आपल्या बाजूला शांतता. वस्तादांनी मागे वळून संताजीकडे पाहिलं. बघ, असंच जणू त्यांना म्हणायचं होतं. थांबलं की नाही?

तेवढ्यात वरून एक आवाज आला. "म्हाताऱ्या, ऊठ आता!"

एकच आवाज. पण धरण फुटायला एवढंसं भोकही पुरतं. "ऊठ, म्हाताऱ्या! जा, माती उकर जा!" मग सगळा स्टँड उठला. जे शब्द त्या दिवशी त्या माणसाच्या कानांवर गेले ते मी इथे सांगणार नाही. पाण्याच्या बाटल्या आल्या. एक चप्पल आली आणि वस्तादांच्या कपाळावर बसली. फेटा सुटून मांडीवर पडला. संताजी धावला आणि त्यांच्यापुढे हात पसरून उभा राहिला. त्याने वर पाहिलं तर कठड्यावर चढून बंडा ओरडत होता. गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या, डोळ्यांत पाणी. तो वस्तादांवर ओरडत होता यापेक्षा तो रडत होता, हे बघून संताजी अधिक हादरला.

ते दोघे चालतच परत आले. चौकात चहाच्या गाड्याभोवती गर्दी जमलीच होती, वाद रंगला होता. वस्ताद दिसताच माणसं बाजूला झाली. दोघातिघांनी सवयीने वाकून पायाला हातही लावला, आणि सरळ होऊन ती पुढच्या प्रशिक्षकाबद्दल बोलू लागली.

तालमीत आल्यावर संताजीने त्यांच्या कपाळावरच्या जखमेला हळद लावायला घेतली.

"बोला की काहीतरी, वस्ताद."

"काय बोलू? माझं चुकलं, संताजी." वस्ताद भिंतीला टेकले. "मला वाटलं, ही सगळी माझीच पोरं. ह्यांतल्या निम्म्यांना मी लंगोट बांधायला शिकवलं. पडावं कसं, हे आधी शिकवतोय मी, मग पाडायचं. पाठ लागली की समोरच्याला हात देऊन उठायचं. आखाड्यात सगळी तसंच करायची. मला वाटलं, शिकली. तालमीच्या दाराबाहेर गेली की त्यातलं काय उरत न्हाई, हे मला म्हातारपणी कळालं. मग मी आयुष्यभर काय केलं रे?"

संताजीने हळदीचं बोट पुन्हा जखमेवर टेकवलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा आणि बंडा त्याच्या घरी आले. अण्णांनी चहा घेतला आणि म्हणाले, "वस्तादांचं वय झालं. रविवारचा सामना तेवढा त्यांच्या नावावर होऊ दे, स्पर्धेला आधीच नाव दिलंय म्हणून. मग तू घे बाबा. सगळ्या पेठेची इच्छा हाय." आतल्या खोलीच्या दारात आई उभी होती. तिने मुलाकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. "रविवारी सांगतो," संताजी म्हणाला. कारण मंडळी, एवढं सगळं पाहूनही त्याला ते पद हवंच होतं. माणसाची आस अशी लगेच मरत नाही.

रविवारी वस्ताद पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. येऊ नका म्हणून संताजीने परोपरीने विनवलं. "दुसरा बसेपर्यंत मलाच बसायला पाहिजे," एवढंच ते म्हणाले. कपाळावरची जखम अजून ओली होती, फेट्याची कड तिला घासत होती.

आणि त्या दिवशी संघ जिंकला. संताजीने शिकवलेला डाव जसाच्या तसा साधला. कॉर्नरवरून चेंडू उंच आला आणि मागच्या सामन्यात घसरलेल्या त्याच मुलाने डोक्याने गोल केला. शिट्टी वाजताच गर्दी कठडे ओलांडून आत घुसली. गुलाल उडाला. बंडाने वस्तादांना खुर्चीसकट उचललं, चार जणांनी खांदे दिले, आणि "वस्तादांचा विजय असो!" म्हणत मिरवणूक निघाली.

"खाली ठेवा रे," वस्ताद म्हणत होते. "हे संताजीनं केलंय. जखमेत गुलाल गेलाय. खाली ठेवा."

हलग्यांच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही. संताजी खालून ओरडत होता, लोकांचे हात ओढत होता; लोकांना वाटलं तोही नाचतोय. त्यांनी त्यालाही गुलाल फासला. पूर्ण पेठेला फेरी घालून, चौकात बराच वेळ नाचून, मग कुठे त्यांनी वस्तादांना तालमीच्या पायरीवर उतरवलं.

संताजी भांड्यात पाणी घेऊन त्यांची जखम धुऊ लागला. तेवढ्यात बंडा आत आला. घसा बसला होता, चेहरा आनंदाने फुलला होता. त्याने वस्तादांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"वस्ताद, देवमाणूस तुमी! आता पुढच्या हंगामाला पण तुमीच. मी समद्यांना सांगितलंय."

वस्तादांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग, रागाचा लवलेशही नसलेल्या आवाजात, त्यांनी विचारलं, "बंडा, त्या दिवशी ती चप्पल कुणाची हुती रे?"

बंडाने मान वर केली. तो खरोखरच आठवू लागला.

"कुठली चप्पल, वस्ताद?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांत वस्तादांनी पाहिलं, संताजीनेही पाहिलं. तिथे लाज नव्हती, लबाडीही नव्हती. होता तो निव्वळ आनंद. बाहेर हलगी वाजली तसा बंडा उठून नाचायला गेला.

संताजीने जखम पुसून कोरडी केली. बाहेर जाऊन त्याने अण्णांना गाठलं आणि सांगितलं, "माझं नाव काढून टाका." अण्णांना वाईट वाटलं, पण क्षणभरच. "बरं," ते म्हणाले, "मग दुसरा कोण घेऊया?" आणि तिथल्या तिथे, गुलालाने माखलेल्या त्या गर्दीत, चर्चा सुरू झाली.

आपण जेव्हा कुठल्याही खुर्चीसाठी पुढचा माणूस निवडायला बसू, तेव्हा मागच्याला कुठे लागलं होतं एवढं तरी आठवून पाहावं.